लेकीचा संसार अमेरिकेत मोडला, तर तिच्या ग्रीन कार्डासाठी गावातल्या घराने काय करायचं

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. अंगणात पोरं लाकडी नंदी घेऊन उभी होती, आई त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवत होती, आणि न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, मी घर सोडलं. थो म्हणते, तुह्यं ग्रीन कार्ड कॅन्सल करतो." बाबांनी तेवढं ऐकलं, आत गेले, कपाटातून लग्नाचा अल्बम काढला आणि चुलीत घातला. आईने धावत जाऊन अर्धा ओढून काढला. त्या रागात आम्ही काय जाळत होतो ते आम्हाला पुढच्या वर्षभरात, एकेक कागद शोधताना कळलं.

मी वरूड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वकील नाही. पण बहिणीचं कार्ड टिकल्यापासून मोर्शी, आर्वी, काटोलकडची घरं विचारायला येतात. बाप संत्र्याची बाग सोडून आलेला असतो, मायच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत काय आणावं ते न कळल्याने रेशन कार्डापासून सगळं आणलेलं असतं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. शेवटचा अर्ज तिकडचा इमिग्रेशन वकीलच भरेल. पण त्याला लागणारं निम्मं सामान इकडे, आपल्याच घरात असतं.

लेकीला मारहाण होत असेल, तर खालचं सगळं नंतर वाचा. आधी तिला सांगा की ९११ वर फोन कर आणि घराबाहेर पड. अमेरिकेतल्या घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ आहे, तो चोवीस तास चालू असतो. न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, कॅलिफोर्नियात मैत्री आणि नारिका या दक्षिण आशियाई बायांसाठीच काम करणाऱ्या संस्था आहेत. मानवी १९८५ पासून आहे. तिथे आपल्यासारखं घर, सासू, समाज समजणारं माणूस भेटतं, "लोक काय म्हणतील" याचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

आधी कार्ड वाचा

लेकीला कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवायला सांगा. ते फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स काढून ट्रंकेत टाका. कार्डावर तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे वर्ग. सीआर-१ किंवा सीआर-६ लिहिलं असेल तर कार्ड सशर्त आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे. ज्या दिवशी ती कायम रहिवासी झाली, म्हणजे इमिग्रंट व्हिसावर गेली असेल तर तिकडच्या विमानतळावर उतरली त्या दिवशी, लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर असं कार्ड मिळतं. १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालायला तिकडे कायदा झाला, त्यातून ही अट आली. आयआर-१ किंवा आयआर-६ असेल तर कार्ड दहा वर्षांचं आहे आणि घटस्फोटाने त्याला काही होत नाही. अशा घरांना मी चहा पाजते आणि सांगते, कार्डाची काळजी सोडा, पोरीची करा.

दुसरी म्हणजे मुदत संपण्याची तारीख. तिसरी म्हणजे ए या अक्षराने सुरू होणारा नंबर. पुढचं प्रत्येक पत्र, प्रत्येक अर्ज, प्रत्येक वकील हाच नंबर विचारतो. आमच्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण हा नंबर तिला पाठ आहे.

कार्ड अजून हातातच आलेलं नसेल, नवऱ्याने नुसता अर्ज केलेला असेल, तर मामला कठीण आहे. कार्ड मिळायच्या आधी घटस्फोट झाला की नवऱ्याने बायकोसाठी केलेला अर्ज तिथेच संपतो, आणि तो स्वतःही अर्ज मागे घेऊ शकतो. छळ होत असेल तर मात्र तिला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. त्याचा नमुना आय-३६०. त्याला फी नाही. घटस्फोट होऊन गेला असेल आणि तो छळाशी जोडलेला असेल, तर दोन वर्षांच्या आत हा अर्ज करावा लागतो. आणि जावई सिटिझन नसून नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असेल, लेक त्याच्या बायकोला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर असेल, तर तो रस्ताच वेगळा: घटस्फोट पक्का झाला की एच-फोर संपतो. तिथे लगेच वकील गाठायचा. पुढचं मी सशर्त ग्रीन कार्डाबद्दलच लिहिते, कारण आमच्याकडे तेच झालं आणि बहुतेक घरांत तेच होतं.

"कॅन्सल करतो" म्हणजे काय

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. जावई म्हणतो, त्याची माय म्हणते, कधी कधी मध्यस्थ म्हणून आलेला नागपूरचा कोणी काकाही म्हणतो. नवऱ्याला ग्रीन कार्ड रद्द करता येत नाही. मिळालेलं कार्ड सरकार देतं, आणि ते काढून घ्यायचं असेल तर शेवटचा शब्द इमिग्रेशन न्यायाधीशाचा असतो. नवरा तक्रार करू शकतो, पत्र लिहू शकतो, अर्जावर सही करायला नाही म्हणू शकतो. बस.

पण या वाक्याला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणं म्हणजे फसवणं होईल. सशर्त कार्डाची मुदत संपेपर्यंत लेकीने काहीच केलं नाही, तर कोणी रद्द न करताही तिचा दर्जा जातो. म्हणजे धोका नवऱ्याच्या हातात नाही, आपल्या हात बांधून बसण्यात आहे. आमच्या बहिणीने पहिले तीन महिने याच वाक्याच्या भीतीने काही केलं नाही. ते तीन महिने मला आजही खुपतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. बायकोला नेताना नवऱ्याने तिला पोसण्याची हमी लिहून दिलेली असते, नमुना आय-८६४. तिकडच्या सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाइतका आधार तिला मिळेल, अशी ती हमी असते. घटस्फोटाने ती संपत नाही. लेक तिकडची नागरिक झाली, तिच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरल्या, तिने अमेरिका कायमची सोडली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तरच संपते. लेकीच्या वकिलाला याबद्दल मुद्दाम विचारा.

कागद जाळू नका

सशर्त कार्डाची अट काढायला जो अर्ज लागतो तो आय-७५१. एरवी नवराबायको दोघं मिळून तो कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करतात. लग्न मोडलं असेल तर बायको एकटी करू शकते, मात्र तिला एक गोष्ट सिद्ध करावी लागते: लग्न केलं तेव्हा ते खऱ्या मनाने केलं होतं, कार्डासाठी नाही. लग्न का मोडलं, चूक कोणाची, हा मुख्य प्रश्नच नसतो. आपल्या माणसांना हे पटायला फार वेळ लागतो. आपल्याला जावयाचे गुन्हे सांगायचे असतात, आणि अधिकाऱ्याला पाहायचं असतं की ही दोघं एका घरात, एका हिशेबात, नवराबायको म्हणून राहिली का.

म्हणून सगळ्यात वजनदार पुरावा तिकडचा असतो. दोघांच्या नावाचं घरभाड्याचं करारपत्र, सामाईक बँक खातं, दोघांनी मिळून भरलेला इन्कम टॅक्स, एकाच पॉलिसीवरचा आरोग्य विमा, गाडीचा विमा, वीज-गॅसची बिलं, एकत्र प्रवासाची तिकिटं. लेक घर सोडून आली आणि फाइल नवऱ्याकडे राहिली तर हातपाय गाळायचे नाहीत. टॅक्स दोघांच्या सहीने भरला असेल तर त्याचा उतारा तिला स्वतःच्या नावाने आयआरएसकडून, म्हणजे तिकडच्या इन्कम टॅक्स खात्याकडून मिळतो. सामाईक खात्याची स्टेटमेंटं बँक तिलाही देते. घरमालकाकडे कराराची प्रत असते, डॉक्टरकडे नोंद असते. बहिणीने नवऱ्याच्या दारात एकदाही न जाता फाइल पुन्हा उभी केली.

इकडचं सामान लग्नाची सुरुवात दाखवतं. त्याची गरज तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, कारण आपलं लग्न जुळण्याची रीत तिकडच्या माणसाला ओळखीची नाही. पाहण्याचा कार्यक्रम, पंधरा दिवसांत साक्षगंध, दोन महिन्यांत हळद आणि लग्न, आणि नवरदेव तीन आठवड्यांत परत अमेरिकेत! आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण ज्याने हे कधी पाहिलंच नाही त्याला संशय येऊ शकतो की ही एकमेकांना ओळखत तरी होती का. तेव्हा रीत उलगडून सांगणारे कागद लागतात.

आम्ही काय गोळा केलं ते सांगते. लग्नपत्रिका आमच्याकडची संपली होती, ती शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यामागे सापडली. फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कवर लग्नाचे सगळे फोटो होते. गावाकडचे फोटोवाले वर्षानुवर्षं ठेवतात, विचारायला लाजू नका. साक्षगंधाचे फोटो मामांच्या फोनमध्ये निघाले. मंगल कार्यालयाची पावती, मुंबईच्या विमानाची तिकिटं, व्हिसा होईपर्यंतच्या महिन्यांतले दोघांचे व्हॉट्सॲपचे संदेश. आणि आहेराची वही! कोणी किती रुपये, कोणी साडी, कोणी स्टीलचा डबा दिला, पाचशेच्या वर नावं, आमच्या आत्याच्या अक्षरात. बहिणीच्या तिकडच्या वकीलबाईंनी ती वही पाहिली आणि म्हणाल्या, अनुवाद करून पहिली दोन पानं पाठवा. खोट्या लग्नाला अख्खं गाव आहेर घेऊन येत नाही.

फोटो निवडताना नवरानवरीच्या दोघांच्याच फोटोंचा ढीग करू नका. दोन्ही घरची माणसं एकत्र असलेले निवडा आणि मागे तारीख, गाव, कोण कोण ते लिहा. थोडेच पण बोलके.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झालेली असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची ताजी प्रत काढून ठेवा. नावं तपासा. आपल्याकडे मधलं नाव लग्नानंतर वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, पासपोर्टवर एक, प्रमाणपत्रावर दुसरं, पत्रिकेत लाडाचं तिसरं असं होऊन बसतं. फरक असेल तर लपवू नका, या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून सोबत जोडा.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो. अनुवाद करणाऱ्याने खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हा अनुवाद पूर्ण व बरोबर आहे. त्यासाठी सरकारी शिक्का लागत नाही. आमचे अनुवाद कनिष्ठ महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या सरांनी केले. नागपुरात एकाने पानाला हजार रुपये मागितले होते.

प्रतिज्ञापत्र आपल्या शब्दांत

दोघांना नवराबायको म्हणून ओळखणाऱ्या किमान दोघांची प्रतिज्ञापत्रं अर्जासोबत मागतात. तिकडचे शेजारी, मैत्रिणी, कामावरचे लोक यांची सगळ्यात उपयोगी. आईवडिलांचीही देता येतात. त्यात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव, नातं आणि माहिती कशी मिळाली हे यावं लागतं.

तहसीलच्या आवारातल्या अर्जनवीसाकडे गेलात तर तो ठरलेल्या साच्यातलं लिहून देईल: "आम्ही सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की सदर उभयतांचा विवाह हिंदू रीतिरिवाजाप्रमाणे..." बाबांचं, मामांचं, पोलीस पाटलांचं, तिघांचं एकच. असल्या कागदाला किंमत राहत नाही. बाबांचं प्रतिज्ञापत्र मी त्यांच्या बोलण्यावरून लिहिलं. जावई दिवाळीला आला तेव्हा बागेत आला होता, मोसंबीला आणि संत्र्याला कलम कसं बांधतात ते विचारत होता, दोघांनी मिळून एक झाड लावलं, रोज रात्री आठला दोघं एकाच स्क्रीनवर दिसायचे. जावयाबद्दल चांगलं लिहिताना बाबांचे हात थरथरत होते. पण ते खरं होतं, आणि लेकीच्या कामाचं होतं.

इथेच दुसरी एक धोक्याची जागा आहे. रागाच्या भरात इकडे पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात तक्रार लिहिली जाते, आणि लिहून देणारा जोर आणायला घालतो: "उभयतांत पहिल्या दिवसापासून पतिपत्नीचे संबंध नव्हते", "हा विवाह केवळ नावापुरता होता". तोच कागद तिकडे फाइलला लागला तर लेकीचा अर्ज स्वतःच्याच घरच्यांच्या सहीने पडू शकतो. छळ झाला असेल तर तक्रार जरूर करा. १ जुलै २०२४ पासून सासरच्या छळाच्या जुन्या कलम ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहेच. फक्त जे घडलं तेवढंच लिहा. तालुका विधी सेवा समितीत बाईला मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तक्रार सादर करण्याआधी तिकडच्या वकिलाला वाचायला पाठवा.

पत्ता, फोन, पैसे

हे थोडक्यात, पण याच आठवड्यात करायचं. तिने पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत एआर-११ या नमुन्यावर इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. ऑनलाइन होतं. न कळवल्यास सरकारी पत्रं जुन्या घरी, म्हणजे नवऱ्याच्या टपालपेटीत पडत राहतात. आमच्याकडे एक पत्र असंच हरवलं. फोन नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवर असेल तर स्वतःच्या नावाचा नंबर घ्यायचा, कारण तो बंद केला की बँकेचे ओटीपीही बंद. स्वतःचं खातं, ईमेलचा नवा पासवर्ड. पासपोर्ट, कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड तिच्या स्वतःच्या पर्समध्ये. कार्ड नवऱ्याने अडकवून ठेवलं असेल तर तिकडेच आय-९० भरून दुसरं मागता येतं.

"घरी ये" म्हणण्याआधी

माय पहिल्यांदा हेच म्हणते. माझ्या मायनेही म्हटलं: "ये वं बाई, भाकर इथंही आहे." या वाक्यात काही चूक नाही. आणि पोरीला खरंच कायमचं यायचं असेल तर तिने यावं, कार्ड काही जिवापेक्षा मोठं नाही. पण ती तिकडे राहू इच्छिते, शिकते, नोकरी करते, आणि आपण काळजीपोटी बोलावतो, तर आपल्याच हाताने तिचं नुकसान होतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली की परत शिरताना प्रश्न विचारले जातात. एक वर्षाहून जास्त झालं आणि आधी परवाना घेतलेला नसेल तर ते कार्ड परत शिरायला चालत नाही. मग परत येणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागतो, आणि तो मिळणं अवघड. जास्त दिवस राहायची वेळ येणारच असेल तर आय-१३१ वर परवान्याचा अर्ज तिने अमेरिकेत असतानाच करायचा असतो. यायचंच असेल तर परतीचं तिकीट काढून, काही आठवड्यांसाठी.

दुसरा प्रकार जास्त वाईट आहे आणि आमच्या भागातही झाला आहे. नवरा बायकोला "चल, गावाला भेटून येऊ" म्हणून आणतो, माहेरी सोडतो, तिचा पासपोर्ट आणि कार्ड घेऊन एकटाच परत जातो. असं झालं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि पोच घ्या. पासपोर्टासाठी विदर्भाचं काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे आहे. कार्डासाठी मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात आय-१३१ए हा अर्ज करून विमानात बसण्यापुरतं कागदपत्र मिळतं, पण बाहेर येऊन एक वर्ष व्हायच्या आत. नातेवाइकांच्या बैठका, समजुती, "पोळ्यापर्यंत थांबू, दिवाळीपर्यंत थांबू" यात सहा-सहा महिने जातात. मी पाहिलेल्या एका घरात अकरा महिने गेले होते. बैठका चालू द्या, अर्ज थांबवू नका. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय नवऱ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे, तिथेही लिहा.

फारकतनामा चालत नाही

एकटीने आय-७५१ भरायची कारणं ठरलेली आहेत: लग्न खऱ्या मनाने केलं पण घटस्फोट झाला किंवा लग्न रद्द ठरलं; लग्न खरं होतं पण नवऱ्याने मारहाण किंवा अतोनात छळ केला; किंवा परत पाठवल्यास तिच्यावर फार मोठं संकट येईल. नवरा वारला असेल तर त्याचीही वेगळी तरतूद आहे. घटस्फोटाचं कारण धरलं तर कोर्टाचा अंतिम हुकूमनामा लागतो. वेगळं राहणं पुरत नाही, वकिलाची नोटीस पुरत नाही.

आणि गावात पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर लिहिलेला फारकतनामा तर अजिबात पुरत नाही. आमच्या घरी दोन्हीकडचे मोठे लोक बसले, पाचशेचा स्टॅम्प आणला, मजकूरही लिहून तयार होता. बहिणीच्या वकीलबाईंनी फोनवर थांबवलं म्हणून थांबलो. नोटरीच्या शिक्क्याने तो कोर्टाचा निकाल होत नाही.

घटस्फोट दोन्हीकडे मागता येतो. अमेरिकेत ती राहते त्या राज्यात मागता येतो. तिथे किती काळ राहिलेलं असावं लागतं ते प्रत्येक राज्याचं वेगळं. कोणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट तिकडे सगळ्या राज्यांत मिळतो. इकडे हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३-ब ने दोघांच्या संमतीने होतो. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतरचे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे.

तिकडच्या कोर्टाचं समन्स आलं तर ते घेऊ नका, असा सल्ला गावात हमखास मिळतो. ऐकू नका. उत्तर द्यायचं, वकिलामार्फत हजर व्हायचं. पुढे इकडे दुसरं लग्न करायची वेळ आली तर यालाच महत्त्व येतं: बायको स्वतः हजर न होता एकतर्फी मिळवलेला परदेशी घटस्फोट भारतात सहसा धरला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. ती मनापासून हजर झाली, तिने संमती दिली, तर तोच हुकूमनामा दोन्हीकडे चालतो.

अर्ज करताना

एकटीच्या अर्जाला ९० दिवसांची खिडकी नसते. कारण हातात आलं की करता येतो, मुदतीच्या आधीही आणि नंतरही. तरी कार्ड संपू देऊ नका. घटस्फोट चालू आहे आणि कार्ड संपतंय, अशी अडचण बहुतेकींना येते. तेव्हा वकील एकटीचा अर्ज आधी भरतात, प्रकरण कोर्टात चालू असल्याचे कागद जोडतात, आणि खात्याने पत्राने हुकूमनामा मागितला की दिलेल्या मुदतीत तो पाठवतात. आमचा अर्ज असाच गेला. छळाचं कारण धरलं तर घटस्फोट झालेला नसला तरी चालतं. अशा प्रकरणात नवऱ्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही, आणि तिच्या अर्जाची माहिती त्याला देता येत नाही. तिकडचा कायदाच तसा आहे. पोलिसांचा अहवाल, डॉक्टरची नोंद, कोर्टाचा संरक्षण आदेश, मैत्रिणींना पाठवलेले संदेश, सगळं जपायचं.

नवरा सही करायला तयार आहे, दोघं वेगळी राहतात पण घटस्फोट झालेला नाही, असं असेल तर दोघांनी मिळून अर्ज करता येतो. मात्र "आम्ही एकत्रच राहतो" असं खोटं लिहायचं नाही. मुलाखतीत ते उघडं पडलं की खऱ्या लग्नावरही खोट्याचा डाग बसतो. जोडीने अर्ज केल्यावर घटस्फोट झाला, तर तोच अर्ज एकटीचा म्हणून पुढे चालवा अशी विनंती करता येते.

अर्जासोबत तिने स्वतःचं निवेदन लिहायचं. बहिणीने पहिल्यांदा आठ पानं लिहिली, त्यातली सात नवऱ्याच्या वागण्यावर. वकीलबाईंनी परत पाठवली. दुसऱ्यांदा तिने लिहिलं की पाहायला आला तेव्हा त्याने पोहे परत मागून घेतले होते, पहिल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून सेकंडहँड सोफा आणला, तिला ताप आला तेव्हा त्याने वरणभात केला, पुढे कशावरून बिनसत गेलं. फोनवर वाचून दाखवताना ती रडली. मीही.

१ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाची फी ७५० डॉलर आहे. भरण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर आजचा आकडा बघून घ्या, कमी भरली तर अर्ज परत येतो. पोच म्हणून जे पत्र येतं त्याने कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते. संपलेलं कार्ड आणि हे पत्र जोडीने दाखवून नोकरी करता येते, प्रवास करता येतो. पत्राचाही फोटो इकडे मागवून घ्या.

वकील निवडताना एवढंच बघा की तो अमेरिकेतला परवानाधारक वकील आहे, किंवा तिकडच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आहे. अशा संस्था कमी पैशात, कधी फुकटही काम करतात. नागपूर-अमरावतीतल्या व्हिसा कन्सल्टंटला यात काही करता येत नाही. आमच्याकडून एकाने साठ हजार घेतले आणि इंटरनेटवरून कोरा फॉर्म काढून दिला.

निकाल लागेपर्यंत आणि नंतर

वाट पाहणं लांबतं, वर्षांवर जातं. मधे बोटांचे ठसे, जादा पुराव्याचं पत्र, कधी मुलाखतीचं बोलावणं. मुलाखतीत तारखा विचारतात, म्हणून साक्षगंध, लग्न, मुंबईची व्हिसाची मुलाखत, विमान, घर सोडलं तो दिवस, सगळ्या तारखा एका कागदावर लिहून ठेवा आणि इकडच्या प्रतिज्ञापत्रांशी ताडून घ्या. बाबांच्या कागदात लग्नाची तिथी होती, इंग्रजी तारीख एका दिवसाने चुकली होती. पाठवण्याआधी सापडली.

अर्ज मंजूर झाला की दहा वर्षांचं कार्ड येतं. सिटिझन नवऱ्यासोबत राहणाऱ्या बायकोला तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, घटस्फोटानंतर मात्र पाच वर्षांचा हिशेब लागतो. छळाच्या कारणाने अट निघालेल्या बाईला तीन वर्षांचीच सवलत राहते. ही वर्षं नव्या कार्डापासून मोजायची नाहीत. सशर्त कार्डावर "रेसिडेंट सिन्स" म्हणून जी तारीख आहे तिथूनच ती सुरू होतात, आणि पाच वर्षं भरण्याच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो. आमच्या बहिणीची ती तारीख आईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर तांबड्या पेनाने गोल करून ठेवली आहे. दरवर्षी नवं कॅलेंडर आलं की आधी तो गोल काढते, मग एकादश्या बघते.